विश्वधूलि : प्रकाशाचे शोषण व पुनरुत्सर्जन

बालाघाटच्या पठारावरील घाटनांदूरसारख्या गावातून आश्विन वद्य पक्षातील निरभ्र रात्री, अंधार पडताच आकाशगंगेकडे पाहिले असता हंसापासून धनूपर्यंत तिचा पट्टा मधोमध दुभंगलेला दिसतो. तेथे तारेच नाहीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. तेथील तारे धूलिमेघांआड दडलेले असतात. अशा धूलीमुळे दूरच्या तारकागुच्छांचा प्रकाश मंदावतो, हे ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये दाखवून दिले.

विश्वधूलीचे कण मुख्यतः सिलिकेटांचे व कार्बनाचे असून त्यांचा आकार साधारणतः मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. आंतरतारकीय वायूच्या वस्तुमानाशी तुलना करता धूलीचे वस्तुमान जेमतेम शतांश भरते. हे कण तांबड्या प्रकाशापेक्षा निळा व अतिनील प्रकाश अधिक अडवितात. म्हणूनच धूलीपलीकडचे तारे तांबूस भासतात. अडविलेल्या प्रकाशाचा काही अंश विखुरला जातो आणि उरलेला कणास तापवितो. तथापि हे तापणे नाममात्र होय. कणाचे तपमान उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. इतका थंड पदार्थ दृश्य प्रकाश देऊ शकत नाही. तो घेतलेली ऊर्जा सुमारे ०.१५ मिलिमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने परत करतो.

‘शोषण’ या संज्ञेने प्रकाश नष्ट झाल्याचा ग्रह होतो, तो येथे बाधक ठरतो. ऊर्जेचा जमाखर्च पूर्ण जुळतो. बदलते ती केवळ तरंगलांबी. १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरास’ उपग्रहाच्या वेधांवरून, आर्प २२० सारख्या दीर्घिकांची बहुतेक सर्व ऊर्जा अवरक्त किरणांतूनच बाहेर पडते, असे आढळले. विश्वातील एकंदर तारकाप्रकाशापैकी सुमारे निम्मा याच मार्गाने रूपांतरित झाला आहे.

या तत्त्वाची व्याप्ती किती, हा प्रश्न मात्र वादाचा ठरला. कोल्हापुरात जन्मलेले व पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थितवत् विश्वाची उपपत्ती मांडली. विश्वात सर्वत्र आढळणारे सूक्ष्मतरंग प्रारण हा महास्फोटाचा अवशेष नसून, लोहाच्या सुईसारख्या कणांनी रूपांतरित केलेला प्राचीन तारकाप्रकाश होय, असे तिचे प्रतिपादन होते. या प्रारणाचा काटेकोर वर्णपट व त्यातील सूक्ष्म चढउतार यांचा उलगडा महास्फोटाच्या उपपत्तीने अधिक समाधानकारक होत असल्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे मत स्वीकारले नाही. तरीही वाद होता तो या विशिष्ट प्रारणाच्या उगमाविषयी. दीर्घिकांतील धूलि प्रकाश घेऊन तो अन्य रूपात परत करते, याविषयी नव्हे.