बुजलेला कुत्रा

सातारा-पंढरपूर रस्ता कोरेगावातून जातो. दिवाळीच्या आगेमागे उसाचे गाळप सुरू झाले, की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्री-अपरात्री धडधडत कारखान्यांकडे जाऊ लागतात आणि चालकांनी लावलेली गाणी त्या धडधडीच्याही वर चढतात. त्याच सुमारास फटाके वाजतात. पुढे वराती निघतात. माणसाला या गोंगाटाचे फारसे काही वाटेनासे झाले आहे. कुत्र्याचे तसे नाही. कालपर्यंत धन्याच्या पुढे धावत मळ्याची वाट धरणारे जनावर ट्रेलरचा एखादा धक्का बसल्यावर, अथवा पायाशी फटाक्यांची माळ फुटल्यावर, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनासे होते. शेपूट पोटाशी घेऊन, कान मागे पाडून ते दारातच थरथरत उभे राहते.

अशा वेळी दोन उपाय सर्रास योजले जातात. गळ्यातला पट्टा ओढून कुत्र्याला फरफटत रस्त्यावर न्यायचे, म्हणजे त्याची भीती आपोआप मोडेल, हा एक. आणि ते न साधल्यास त्याला कायमचे साखळीला बांधून टाकायचे, हा दुसरा. वस्तुतः बुजलेल्या बैलाला चाबकाने हाकलू नये, गाडी थांबवून खाली उतरावे, त्याच्या मानेवरून हात फिरवावा, हे ज्याला कोणी शिकवावे लागत नाही, तोच शेतकरी कुत्र्याच्या बाबतीत हे शहाणपण विसरतो. बैलाची किंमत बाजारात ठरते आणि गावठी कुत्र्याला कोणी किंमत देत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

विनाकारण मार खाल्लेल्या कुत्र्याची कथा महाभारताच्या आरंभीच येते. जनमेजयाच्या यज्ञमंडपात आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाच्या भावांनी झोडपले. हविर्द्रव्याकडे आपण पाहिलेही नव्हते, असे त्याने रडत आईला सांगितले. सरमेने जाब विचारला. उत्तर मिळाले नाही. तेव्हा तिने राजाला शाप दिला, तो अदृष्ट भयाचा. मारलेल्या जनावराच्या वाट्याला जे येते, तेच तिने मारणाऱ्यांच्या पदरात टाकले. कोठून येईल हे ठाऊक नसलेले भय सम्राटालाही अस्वस्थ करते. मग दारातल्या मुक्या प्राण्याचे काय होत असेल?

या भयाचे स्वरूप आधुनिक काळात उलगडले तेही कुत्र्यांमुळेच. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या कोठड्यांत पाणी शिरले. कुत्री वाचली, परंतु त्यांतील काहींच्या अंगी मुरलेल्या सवयी पुरानंतर नाहीशा झाल्या. त्या हळूहळू परतू लागल्या, पण प्रयोग करणारा परिचित माणूस खोलीत बसून राहिला तर अधिक चांगल्या रीतीने, असे आढळले. पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडताच बरे झालेले कुत्रे पुन्हा ढासळले. योगायोग असा, की त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषींनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाचे भय घालविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचे खात असताना ससा लांब ठेवायचा आणि तो जसजसा सोशील तसतसा जवळ आणायचा, एवढाच तो प्रयोग होता.

कोरेगावच्या दारातल्या कुत्र्यालाही हीच रीत लागू पडते. प्रथम त्याला पशुवैद्याला दाखवावे. दुखरा पाय किंवा कंबर असेल तर धैर्य येणार कोठून? मानेतला पट्टा घाबरून मागे सरकताना निसटतो, म्हणून छातीभोवतीचा पट्टा घालावा. पहिले काही दिवस उंबऱ्यापर्यंत जाऊन परतणे हाच फेरफटका समजावा. मग पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, शिवारातल्या वाटेने न्यावे आणि हमरस्ता लांबून दाखवावा. त्या अंतरावर भाकरीचा तुकडा त्याने घेतला तर ठीक. आवडता तुकडाही नाकारला, तर आपण फार जवळ आलो, असे समजून मागे फिरावे. ओढू नये, ओरडू नये. त्याने अंगाशी बिलगावे तर बिलगू द्यावे. कुरवाळल्याने भित्रेपणा वाढतो, ही समजूत निराधार आहे. अवघड जाते ते धन्याला, कारण शेजारी हसत असतात आणि कुत्रे आठवडाभर एकाच बाभळीपाशी अडून बसलेले असते.

साखळीचा दुसरा उपाय तर बेकायदेशीर ठरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला धन्याने वाजवी व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरविलेला दंड १० ते ५० रुपये! इतक्या रकमेत आज त्या कुत्र्याला धड साखळीही येणार नाही. दंडाच्या धाकाने कोणी सुधारेल असे मानण्यात अर्थ नाही. मात्र बांधलेले, भेदरलेले जनावर पळू शकत नाही, म्हणून ते चावते. आणि चावा बसतो तो बहुधा घरच्या किंवा शेजारच्या मुलाला. त्यानंतर त्या कुत्र्याला रात्री गाडीत घालून परगावच्या वेशीवर सोडून येतात.

गाळप आटोपल्यावर, फाल्गुन-चैत्रात रस्ता बराच निवांत होतो. सुरुवात करायला तोच काळ बरा. पावसाळ्यापर्यंत कुत्रे बाभळ ओलांडील, दसऱ्यापर्यंत कदाचित रस्त्याच्या कडेने चालूही लागेल. पुढे हंगामातला पहिला ट्रॅक्टर गाणी वाजवीत समोर येईल, तेव्हा ते पुन्हा थबकेल. आणि त्याला घेऊन धन्याला निमूटपणे बाभळीपर्यंत मागे जावे लागेल.