एक रविवार : बेतवा ते नर्मदा

सहल म्हटली की मराठी मनासमोर प्रथम सह्याद्री आणि समुद्र उभे राहतात. नाशिकचे द्राक्षमळे पाहून आलेले, कोकणकिनाऱ्याची छायाचित्रे दाखवणारे आप्तेष्ट सुट्टीत भेटले की आपणा भोपाळकरांना थोडा हेवाही वाटतो. परंतु अरेरा कॉलोनीतून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल, अशा एका रस्त्यावर अकराव्या शतकातील देवालय, आदिमानवाची चित्रशाळा आणि नर्मदामाईचा घाट ओळीने लाभतात. हा दिवस कसा आखावा, याविषयी अनुभवाचे चार शब्द येथे मांडतो.

आधी थोडा भूगोल. भोजपूर बेतवेच्या काठी आहे. बेतवा उत्तरेस वाहत यमुनेला मिळते आणि तिचे पाणी गंगेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. नर्मदा मात्र पश्चिमवाहिनी. तिचे पाणी अरबी समुद्राला मिळते. या दोहोंमधील विंध्याचा जलविभाजक आपण या प्रवासात ओलांडतो. आपल्याला समुद्र नाही हे खरे, पण दोन समुद्रांकडे जाणाऱ्या दोन वाटा एकाच दिवसात पाहता येतात.

बेत करताना आम्ही एकच नियम पाळला : घरात जो सर्वांत लवकर थकतो, त्याच्या मापाने दिवस आखायचा. आईचे वय ७८, दोन्ही गुडघे झिजलेले. बाहेरगावी शिकणारी कन्या दिवाळीचे चार दिवस घरी आलेली. तीन पिढ्या एका गाडीत बसण्याचा योग पुन्हा केव्हा येईल, हे आपल्या व्यवसायात कोणी सांगावे! उत्साहाच्या भरात यादीत सांची आणि उदयगिरीही आली होती. ती स्थळे भोपाळच्या उत्तरेस, म्हणजे विरुद्ध दिशेला आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस हवा. यादी तीन स्थळांवर आणली आणि प्रत्येक ठिकाणी बसण्यासाठी अर्धा तास राखून ठेवला.

सकाळी साडेसहाला निघावे. होशंगाबाद रस्त्याने मिसरोद, मग अकरा मैलाच्या फाट्यावरून वळून भोजपूर. सकाळी येथे गर्दी नसते. महाशिवरात्र आणि मकरसंक्रांत हे जत्रेचे दिवस टाळावेत. परमार राजा भोजाच्या काळातील हे शिवालय अपूर्ण राहिले. गाभाऱ्यातील शिवलिंग साडेसात फूट उंच, तर छत पेलणारे चार खांब सुमारे ४० फुटांचे. मला स्वतःला मात्र मंदिराची मागची बाजू अधिक मोलाची वाटते. अवजड शिळा वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार तेथे अजून आहे, आणि भोवतालच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेले आराखडेही आहेत. काम पुरे झाले असते, तर उतार काढून टाकला गेला असता. अपूर्णतेमुळेच बांधण्याची रीत आपल्याला दिसते.

भोजाने येथे बांध घालून विस्तीर्ण सरोवर निर्माण केले होते. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला. ही गोष्ट मुलांना येथेच सांगावी, कारण दिवसाच्या अखेरीस आपण त्याच होशंगशाहच्या नावाने ओळखल्या गेलेल्या शहरात पोहोचणार असतो.

भोजपूरहून पुन्हा महामार्गावर येऊन औबेदुल्लागंज ओलांडले की भीमबेटकाचा फाटा लागतो. ऊन चढण्यापूर्वी, दहाच्या सुमारास पोहोचावे. वाहन वर गुंफांजवळपर्यंत जाते आणि पायवाट आखलेली आहे. काठी आणि सावकाश चाल असली, तर वृद्धांनाही पहिल्या काही गुंफा पाहता येतात. सातशेहून अधिक शैलाश्रयांच्या या समूहाचा शोध १९५७ साली डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी लावला. नीमचला जन्मलेला आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारा हा मराठी माणूस आगगाडीने भोपाळकडे येत असता खिडकीतून हे खडक पाहतो काय आणि उतरून शोध घेतो काय! पुढे १९७२ पासूनच्या उत्खननांत त्यांच्यासह पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांचेही मोठे काम आहे. १९७५ साली वाकणकरांना पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले आणि २०२४ साली भोवतालच्या रातापानी व्याघ्र प्रकल्पाला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या मंडळींना रुचेल अशी एक हकीकतही येथे घडली आहे. एका गुंफेच्या छतावरील ठसा ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाचा जीवाश्म असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष निघाला आणि पहिल्या संशोधकांनीही निदान बदलले. या कातळांवर आजही पोळी असतात. म्हणून उग्र अत्तर लावू नये, धूर तर मुळीच करू नये.

दुपारचे जेवण घरचेच उत्तम : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही आणि माणशी दोन लिटर पाणी. ज्येष्ठांच्या दुपारच्या गोळ्या हाताशी ठेवाव्यात, गाडीच्या तळाशी नव्हे.

जेवणानंतर तासभर विसावा घेऊन घाट उतरत बुधनी गाठावे. येथील लाकडी रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत. पूल ओलांडला की नर्मदापुरम. २०२२ पर्यंत हेच होशंगाबाद होते. सेठानी घाटावर सूर्यास्ताच्या आधी पोहोचावे. पायऱ्या रुंद आहेत, परंतु खालच्या ओल्या पायऱ्यांवर ज्येष्ठांचा हात सोडू नये. आईने पाण्यात पाय सोडले आणि नातीला नर्मदा परिक्रमेची गोष्ट सांगितली. आरती होईपर्यंत दोघी तेथून उठल्या नाहीत. राखून ठेवलेला अर्धा तास येथे कारणी लागला.

अंधारात महामार्गावर मालमोटारींची वर्दळ असते. सातच्या आत परतीला लागावे आणि चालक दिवसभर थकलेला नसावा.

राहिला प्रश्न रुग्णांचा. जागा नाही, पैसा नाही म्हणून आपली सहल अडत नाही. दवाखाना कोणी सांभाळायचा, येथे ती अडते. आमच्या त्या रविवारी एका सहकाऱ्याने माझे दूरध्वनी घेतले, पुढच्या रविवारी मी त्यांचे घेतले. आपल्या मंडळाने हिवाळ्यातील रविवारांची अशी पाळी लावून द्यावी, ही माझी सूचना आहे. चार कुटुंबांनी मिळून एक महिना वाटून घेतला, तर प्रत्येकाला एक रविवार मिळतो. कार्तिक ते माघ हा काळ प्रवासाला उत्तम. यादी आताच करावयास हवी.