सक्ती नेमकी कुणावर?

रात्रपाळी संपत आलेली असते. वॉर्डातल्या मावशी लाल पिशवीची गाठ मारून ती उचलतात आणि हातमोज्यातून काहीतरी कचकन बोटात शिरतं. सुईची जागा खरं तर पांढऱ्या, जाड डब्यात. घाईघाईत कुणीतरी ती पिशवीत टाकलेली असते.

पुढचं सगळं सुईवर रक्त कुणाचं, यावर ठरतं. एचआयव्हीबाधिताचं असेल तर संसर्गाची शक्यता साधारण 0.3 टक्के. हिपॅटायटिस बीचं असेल आणि मावशींनी लस घेतलेली नसेल, तर 6 ते 30 टक्के. धास्ती मात्र सगळ्यांना एचआयव्हीचीच! हिपॅटायटिस बीचा विषाणू भलताच चिवट. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो आठवडाभर तग धरतो.

लसीचे डोस तीन: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायची, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘टायटर’ करायचं. ते 10 किंवा त्याहून जास्त आलं की काम झालं. काहींच्या अंगी लस लागतच नाही. त्यांना तिन्ही डोस पुन्हा द्यावे लागतात. कंत्राटी माणसाचं घोडं अडतं ते तिसऱ्या डोसाशी. तोवर ठेकेदारच बदललेला असतो.

आता लसीच्या सक्तीकडे येऊ. अमेरिकेने 1991 साली नियम केला, पण सक्ती ठेवली मालकावर. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामावर माणूस रुजू झाला की 10 कामाच्या दिवसांत त्याला लस देऊ करायची, तीही फुकट. नको असेल तर त्याने तसं लिहून सही द्यायची. पुढे मन बदललं तर लस तेव्हाही फुकटच. तिथे 1983 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना कामातून होणारे हिपॅटायटिस बीचे संसर्ग वर्षाला 10 हजारांहून अधिक होते, ते 2001 पर्यंत 400 च्या खाली आले. श्रेय एकट्या लसीचं नाही, हातमोजे आणि सुयांच्या डब्यांचंही आहे. पण दंडाला धरून कुणाला टोचावं लागलं नाही, एवढं खरं.

आपल्याकडे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा रोखही असाच आहे. हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्यावर आहे. कागद चोख आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या मावशी त्या कागदात प्रत्यक्ष येतात का, हे ज्याचं त्याला ठाऊक.

कोविडमध्ये गणित फिरलं. हिपॅटायटिस बीची लस मुख्यतः टोचून घेणाऱ्यालाच वाचवते. कोविडमध्ये सक्तीचा आधार होता समोरच्या रुग्णाचं रक्षण. त्यामुळे लस संसर्गाचा फैलाव जितका कमी रोखते, तितका सक्तीचा आधार पातळ होतो. इंग्लंडने नोव्हेंबर 2021 मध्ये वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांना लस सक्तीची केली, नोकऱ्या गेल्या, माणसं मिळेनाशी झाली; आणि ओमायक्रॉननंतर, मार्च 2022 मध्ये, तो नियमच मागे घेतला. नोकरी गेलेल्यांना त्याचा काय उपयोग? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल खटल्यात 2 मे 2022 रोजी मधली वाट धरली: जबरदस्तीने कुणालाही लस टोचता येणार नाही, सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत.

माझं मत विचाराल तर आधी मालकावरची सक्ती पुरी वसूल करावी, मगच कर्मचाऱ्याच्या दंडाकडे वळावं.

तुम्ही रुग्णालयात काम करत असाल तर हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस झालाय का आणि टायटर किती आलं, ते आजच बघा. सुई टोचलीच तर बोट पिळू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच कळवा. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर लसीसोबत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन शक्यतो 24 तासांच्या आत घ्यायचं असतं.