कापड तपासणीचा कॅमेरा घेताना

यंत्रमागाच्या कापडातील दोष टिपणारा कॅमेरा विकणारा आधी मेगापिक्सल सांगेल. कारखानदाराने आधी आपला धागा सांगावा.

४० नंबरच्या सुती धाग्याची जाडी साधारण ०.१५ मि.मी. असते. तेवढी फट ओळखायची तर तिच्या रुंदीवर सेन्सरचे निदान तीन पिक्सल पडायला हवेत; म्हणजे एका पिक्सलला ०.०५ मि.मी. कापड. पाच मेगापिक्सलच्या नेहमीच्या सेन्सरवर आडवे २४४८ पिक्सल असतात. हिशेब सरळ आहे : एक कॅमेरा जेमतेम १२ सेंटिमीटर पाहतो. सव्वा मीटर पन्ह्याला असे दहा-अकरा लागतील. एकच कॅमेरा उंच टांगून सगळा पन्हा दाखवला, तर एका पिक्सलला अर्धा मि.मी. कापड येते आणि धागा त्यात हरवतो. म्हणूनच रुंद पन्ह्याला एकेक ओळ टिपणारे लाइन-स्कॅन कॅमेरे लावतात.

दुसरी गोष्ट वेगाची. कापड मिनिटाला ३० मीटर सरकत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात ते अर्धा मि.मी. पुढे जाते आणि चित्र फासते. एक्स्पोजर दहा हजाराव्या भागावर आणावे, तर उजेड दसपट हवा. लेन्सचे छिद्र मोठे केले की उजेड वाढतो, पण कापड जरा फडफडले तरी फोकस सुटतो. गेन वाढवला तर चित्रात दाणे येतात. पैसा खरा दिव्यावर घालावा. कापडाखालून प्रकाश दिला की फट पांढरी चमकते.

लेन्स सेन्सरच्या आकाराला पुरते ना, हेही विचारावे. नाहीतर कोपरे काळे येतात. बयाणा देण्यापूर्वी आपल्याच सदोष ताग्याचा तुकडा नेऊन तो पूर्ण वेगात चालवून पाहावा.