स्ट्रायकरच्या कमाईचा हिशेब

गेल्या महिन्यात आम्हाला जरीकाम करून देणारा एक कारागीर मुलाला घेऊन गाळ्यावर आला. मुलगा 17 वर्षांचा, स्ट्रायकर खेळतो. एका क्लबाने त्याला करारासाठी बोलावले होते. बापाचा सवाल सरळ होता, "शेठ, या धंद्यात मुलाचे पोट भरेल काय?"

स्ट्रायकर म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणारा. पूर्वी आपण त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणत असू. बाकी दहा जणांची मेहनत त्याच्या पायाने वसूल होते, म्हणून त्याला भाव जास्त. पण चार सामने गोल झाला नाही की भाव उतरतो तोही त्याचाच आधी.

मुंबईकडून खेळलेल्यांत मोठे नाव नेव्हिल डिसूझा यांचे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत 4-2 ने जिंकला व उपांत्य फेरीत गेला. तेथे युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल डिसूझांचाच, पण सामना 4-1 ने गेला. या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीमसाहेब होते.

मुंबईत डिसूझा खेळले ते टाटा आणि कॅल्टेक्सच्या संघांकडून. शहराची रीतच तशी होती. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर, सरावाला सवलत, महिन्याला पगार. पगार काही मोठा नसे, पण गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहायची. आमच्या कापडवाल्यांतही मफतलाल आणि ऑर्के मिल्सचे संघ होते. शाळेत असताना कूपरेजवर आम्ही हे सामने पाहिले आहेत. कोणाचा गोल झाला याची चर्चा दुसऱ्या दिवशी मार्केटात व्हायची.

ती रीत मोडली. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या बसल्या. रोव्हर्स कप 2001 नंतर भरला नाही. महिंद्र युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. त्यांच्या आघाडीला ब्राझीलचे बॅरेटो आणि घानाचे याकुबू होते. 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला.

आता नोकरी नाही, करार असतो. अडचण अशी की क्लब परदेशी खेळाडू घेतात ते बहुतेक गोल मारण्यासाठीच. म्हणजे आपल्या मुलाची स्पर्धा थेट आयात मालाशी. फिफाच्या नियमाने 18 वर्षांखालील मुलाला तीन वर्षांपेक्षा लांब कराराने बांधता येत नाही, हे त्या बापाला ठाऊकच नव्हते.

कागद आम्ही त्याच्यासमोर वाचला. मुदत होती, पगार होता. दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, त्या महिन्यांचा पगार मिळणार की नाही, यावर एक ओळ नव्हती. ती ओळ घालून आणा, मगच सही करा, असे आम्ही सांगितले. तोवर बारावीची फी भरायची ठरली.