शाळेची परसबाग

(शाळेत मुलांना दुपारचे जेवण का दिले जाते, त्यात काय असावे लागते आणि शाळेच्या आवारातील लहानशी बाग त्या जेवणाला कशी मदत करते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मधल्या सुट्टीची घंटा होते. मुले हात धुतात आणि व्हरांड्यात ओळीने बसतात. मोठ्या पातेल्याचे झाकण निघते. खिचडीचा वास सगळीकडे पसरतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारी असे दृश्य दिसते. शाळा मराठी असो की उर्दू, जेवणाचा नियम एकच असतो.

घनसावंगी हा जालना जिल्ह्यातील एक तालुका आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. येथील जमीन बहुतेक काळी आहे. तीत कापूस, तूर, सोयाबीन आणि ऊस पिकतो. मोसंबीच्या बागाही आहेत. पण या भागात पावसाचा भरवसा नसतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांना अजून आठवतो. २०१२-१३ मध्येही जालना जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला. प्यायचे पाणी टँकरने आणावे लागले. अनेक शेतकऱ्यांच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांसमोर वाळून गेल्या.

पाऊस गेला की हाताला काम राहत नाही. मग अनेक घरांतील माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दूरच्या गावी जातात. जी गावात राहतात, ती सकाळी लवकर मजुरीला निघतात. अशा घरातील मूल कधी शिळी भाकरी खाऊन शाळेत येते, तर कधी नुसता चहा पिऊन येते. भुकेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे लागत नाही. म्हणून पुस्तकाआधी पोटाचा विचार करावा लागतो.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये आपल्या एका शाळेत मुलांना दुपारी खायला देण्यास सुरुवात केली होती. पुढे १९५६ मध्ये तेथील मुख्यमंत्री के. कामराज यांनी ही सोय गावोगावच्या शाळांत नेली. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती आणखी वाढवली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी अशी योजना सुरू केली. महाराष्ट्रात तिला ‘शालेय पोषण आहार योजना’ हे नाव मिळाले.

सुरुवातीला शाळेत अन्न शिजत नव्हते. महिन्यात ८० टक्के दिवस हजर राहणाऱ्या मुलाला ३ किलो तांदूळ मिळत असे. तो तांदूळ पिशवीतून घरी जाई आणि सगळ्या कुटुंबाच्या ताटात वाटला जाई. ज्याच्या नावाने तांदूळ आला, त्याच्या वाट्याला त्यातले किती येई, हे कोणी सांगू शकत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना धान्य न देता शाळेतच शिजवलेले अन्न द्यावे. त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. २०२१ पासून केंद्राच्या योजनेचे नाव ‘पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण’ असे आहे.

एका मुलाला किती अन्न द्यायचे, हे ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल लागते. त्यातून त्याला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. सहावी ते आठवीच्या मुलासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल ठरले आहे. त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत.

या यादीतील प्रत्येक वस्तूचे काम वेगळे आहे. भात आपल्याला काम करण्याची शक्ती देतो. डाळीतील प्रथिनांनी शरीर वाढते. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते तांदळात असते. म्हणून दोन्ही एकत्र शिजवलेली खिचडी हे चांगले अन्न आहे. पण तेवढ्याने भागत नाही. रक्तासाठी लोह लागते, डोळ्यांसाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते आणि दात-हिरड्यांसाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. ही तिन्ही आपल्याला भाज्यांतून व फळांतून मिळतात. पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक किती महत्त्वाचा आहे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. तीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात लोहाचे रंगद्रव्य कमी आढळले. याला रक्तक्षय म्हणतात. रक्तक्षय झालेल्या मुलीला लवकर थकवा येतो, जिना चढताना दम लागतो, वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘ही आळशी झाली.’ खरे तर ती आळशी नसते, तिचे रक्त कमी झालेले असते.

मग अडचण कोठे आहे? तांदूळ आणि डाळ पोत्यांत भरून शाळेत येते. ती महिनाभर टिकते. भाजी मात्र टिकत नाही. ती सारखी विकत आणावी लागते. उन्हाळ्याकडे भाव चढतात. मग हिरवी भाजी कमी होते आणि पातेल्यात कांदा-बटाटाच जास्त दिसू लागतो. येथेच शाळेची परसबाग उपयोगी पडते. घरामागच्या मोकळ्या जागेला परस म्हणतात. तेथील भाजीपाल्याची बाग ती परसबाग. अशी बाग शाळाशाळांत व्हावी, यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये सूचना काढल्या.

परसबागेतून सगळी भाजी मिळेल काय? थोडा हिशेब करू. समजा, एका शाळेत पहिली ते पाचवीची २०० मुले आहेत. प्रत्येकाला ५० ग्रॅम भाजी द्यायची, तर रोज १० किलो भाजी लागेल. शाळेजवळ बागेसाठी एक गुंठा जागा आहे, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. एवढ्या जागेतून रोज १० किलो भाजी निघणार नाही. त्यामुळे बाजार बंद होत नाही. पण आठवड्यातून एक-दोन दिवस खिचडीत ताजी मेथी किंवा पालक पडेल. रोज कढीपत्ता, कोथिंबीर आणि लिंबू मिळेल. पातेल्यात जे कमी पडते, नेमके तेच बाग देते. तिचे महत्त्व वजनात नाही, तर याच गोष्टीत आहे.

आता ही बाग कशी करावी ते पाहू. काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा लवकर होत नाही. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचले तर रोपे कुजतात. म्हणून माती थोडी उंच करून गादीवाफे तयार करावेत. वाफा इतकाच रुंद असावा, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचेल. मग वाफ्यात पाय देण्याची गरज पडत नाही.

काय लावायचे, हे ऋतूवर आणि शाळेच्या सुट्ट्यांवर ठरवावे. शाळा जूनमध्ये उघडते. तेव्हा भेंडी, गवार, दोडका आणि भोपळा लावावा. भेंडीची ‘परभणी क्रांती’ ही जात आपल्या मराठवाड्यातच, परभणीच्या कृषी विद्यापीठात, तयार झाली. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा जो रोग आहे, त्याला तोंड देण्यासाठी ती काढली गेली. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर आणि टोमॅटो घ्यावेत. मेथी सुमारे महिनाभरात काढता येते. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी एक वाफा पेरला, तर भाजी पाळीपाळीने मिळत राहते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. तेव्हा तोडायला येईल अशी भाजी लावून उपयोग नाही. कुंपणाच्या कडेला शेवगा, लिंबू आणि कढीपत्ता लावावा. ही झाडे एकदा रुजली की कमी पाण्यावरही तग धरतात. शेवग्याच्या नुसत्या शेंगाच नव्हे, तर कोवळी पानेही खातात. त्यांत ‘अ’ जीवनसत्त्व आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते.

सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. ज्या गावात टँकर येतो, तेथे बागेला पाणी कोण देईल? पण शाळेत रोज २०० मुले हात धुतात आणि डाळ-तांदूळही धुतले जातात. हे पाणी गटारात जाते. नाली काढून ते बागेकडे वळवता येते. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये, ते केळीच्या आळ्यात सोडावे. डाळ-तांदळाचे धुवण मात्र भाजीला चालते. मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले, तर पाणी हळूहळू झिरपते आणि मुळांशी ओलावा टिकतो. वाफ्यावर वाळलेला पालापाचोळा पसरला, की ऊन जमिनीतील ओल लवकर शोषून घेत नाही.

भाज्यांचे देठ, साली आणि पालापाचोळा खड्ड्यात कुजवून खत करावे. पानांवर मावा पडला, तर विषारी औषध मुळीच फवारू नये. अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी पाणी गाळून घ्यावे, ते १० लिटर करावे आणि फवारावे. भाजी तोडल्यावर ती स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावी.

स्वच्छतेबाबत ढिलाई किती महागात पडते, याचे एक दुःखद उदाहरण आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक सापडले. म्हणून शेतीचे औषध आणि त्याचा रिकामा डबा स्वयंपाकघराच्या जवळपासही येऊ देऊ नये. मुलांना वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून पाहावे, असा नियम आहे. हा नियम कागदापुरता ठेवला, तर तो कोणाचे रक्षण करू शकत नाही.

परसबाग एका माणसाने होत नाही. शिक्षक दाखवतात, स्वयंपाक करणाऱ्या ताई कोणती भाजी हवी ते सांगतात, पालक खत आणि कुंपणाला काटे देतात. पाणी घालण्याची पाळी मुलांची असते. दिवाळीच्या सुट्टीत कोणी पाणी घालायचे, हे आधी ठरले नाही, तर बाग आठ दिवसांत वाळते. फाटक उघडे राहिले, तर शेळ्या एका दुपारीत सगळी बाग फस्त करतात. बागेची एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय पेरले, किती किलो भाजी निघाली, हे तीत लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही फार उपयोगी पडते.

मुलांनो, तुम्ही नववीत किंवा दहावीत असाल, तर आता या जेवणाच्या यादीत तुमचे नाव नाही. पण तुमची धाकटी भावंडे त्याच व्हरांड्यात ताट घेऊन बसतात. तुमच्या घरीही डाळ-पालक होतो, खिचडी होते. जेवताना त्यावर लिंबू पिळा, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, कारण चहामुळे ते अंगी लागत नाही. आणि अंगणात डब्याएवढी जागा असली, तरी तीत मूठभर मेथी पेरून पाहा.

शब्दार्थ

परसबाग – घरामागची भाजीपाल्याची बाग
उष्मांक – अन्नातून मिळणारी शक्ती मोजण्याचे माप, कॅलरी
रक्तक्षय – रक्तातील लोहाचे रंगद्रव्य कमी होणे, खून की कमी
दुष्काळ – पाऊस न पडल्याने आलेली टंचाई, कहत
पाहणी – तपासून माहिती गोळा करणे
गुंठा – जमीन मोजण्याचे माप, ४० गुंठे म्हणजे एक एकर
निचरा – पाणी वाहून किंवा झिरपून जाणे
ओलावा – ओल, नमी
मावा – पानांतील रस शोषणारी बारीक कीड
शेवगा – सहजन
अंगी लागणे – खाल्लेले अन्न शरीराला उपयोगी पडणे
तग धरणे – टिकून राहणे
फस्त करणे – खाऊन संपवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घनसावंगी तालुका कोणत्या जिल्ह्यात आहे?
(आ) शाळेतील जेवणाची योजना सगळ्या देशासाठी कधी सुरू झाली?
(इ) ‘परभणी क्रांती’ ही कोणत्या भाजीची जात आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) तांदूळ घरी देण्याऐवजी शाळेत अन्न शिजवून देणे चांगले.
(आ) काळ्या जमिनीत गादीवाफे करावेत.
(इ) सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोट भरणे आणि पोषण होणे यांत काय फरक आहे?
(आ) पाणी कमी असलेल्या गावात परसबाग कशी जगवता येईल?

प्र. ४. हिशेब करा.
एका शाळेत सहावी ते आठवीची १२० मुले आहेत. त्यांच्यासाठी रोज किती किलो धान्य, डाळ आणि भाजी लागेल?

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
अंगी लागणे, तग धरणे, फस्त करणे

उपक्रम : तुमच्या घरी एका आठवड्यात कोणकोणत्या भाज्या शिजल्या, त्यांची मराठी व उर्दू नावे वहीत लिहा. त्यांपैकी कोणत्या भाज्या शाळेच्या आवारात लावता येतील, याविषयी वर्गात चर्चा करा.