हरितद्रव्याची तांबडी प्रभा

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, आमच्या इंदापूर तालुक्यात, उन्हाच्या तडाख्यात उसाच्या पानाची सुरळी झालेली आपण पाहतो. परंतु त्या पानाच्या सजीव पेशींतील हरितद्रव्याचे रेणू शोषलेल्या प्रकाशापैकी शेकडा 1 ते 2 भाग तांबड्या प्रभेच्या रूपाने परत देत असतात, आणि प्रकाशसंश्लेषणात व्यत्यय येताच त्या प्रभेचे मान पालटते, याची वर्दी नुसत्या डोळ्यांस मिळत नाही. अंधारातून उजेडात आणलेल्या पानातील तिचा चढउतार काउत्स्की व हिर्श या शास्त्रज्ञांनी 1931 साली नोंदविला. आज तोच, पान न खुडता, कॅमेऱ्याने टिपता येतो.

पान न खुडता रोपाची अवस्था ओळखण्याच्या अशा इतरही रीती आहेत: बारामतीनजीक माळेगाव खुर्द येथे 2009 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत अवरक्त छायाचित्रणाने रोपांचे तापमान व निकट-अवरक्ताने त्यांतील जलांश अजमावण्याची विद्या रुजली आहे, ही मला आपल्या दुष्काळी मुलखाची खरी मिळकत वाटते.

हरितद्रव्याची ती तांबडी प्रभा स्वतः पाहावयाची असल्यास पालकाची पाने स्पिरिटमध्ये चुरगाळून, गाळून, अंधाऱ्या खोलीत त्या हिरव्या अर्कावर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा धरावा: हिरवा अर्क रक्तासारखा लाल उजळतो.